वस्ताद, डावपेच आणि नियम : सातारा-सांगलीच्या तालमीची वाटचाल

कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांवर तालीम नसलेले मोठे गाव शोधावे लागे, असा एक काळ होता. या मुलखाच्या मल्लांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले, आशियाई स्पर्धेतली दोन सुवर्णपदके आणली, हिंदकेसरी आणि महाराष्ट्र केसरी हे किताब मिळवले. ही वाटचाल सांगताना आपण बहुधा बळाचा हिशेब मांडतो: जोर किती, बैठका किती, दूध-तूप किती. बळ लागतेच. पण सारख्या वजनाचे आणि सारख्या खुराकाचे दोन पैलवान समोरासमोर आले की निकाल ठरतो डोक्याच्या तयारीवर, आणि ती तयारी करून घेतो वस्ताद. म्हणून सातारा-सांगलीच्या तालमीची वाटचाल मुळात वस्तादाच्या हुशारीची वाटचाल आहे. ही हुशारी डावात किती फुलली, मैदानावरच्या डावपेचात किती मुरली आणि नियमांच्या पुस्तकापाशी येऊन कुठे तोकडी पडली, हे सलग पाहिले तर पुढे काय करायचे तेही कळते.

हौद्यातली शाळा

तालमीची बांधणी जवळपास सगळीकडे एकच. जाड भिंतींची खोली, वाकून आत जावे लागेल असे दार, कोनाड्यात मारुती आणि मधोमध हौदा. हौद्यात चाळून घेतलेली तांबडी माती, आणि तिच्यात तेल, ताक, लिंबू, कापूर, हळद. सांगली ही तर हळदीची पेठ, त्यामुळे इथल्या मातीत हळद मिसळणे ओघानेच आले. माती उकरायची ती पोरांनीच. ही तालमीची पहिली शिस्त, आणि खांदे-मनगटांची पहिली मेहनतही.

या शाळेला आश्रय मिळाला संस्थानिकांचा. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. १९१२ साली ते कुस्त्यांसाठी खुले झाले. सातारा-सांगलीची होतकरू पोरे तेव्हापासून कोल्हापूरच्या तालमींत राहू लागली, आणि ती वाट आजही चालू आहे. इकडे औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेला. आज साताऱ्यात असलेले औंध आणि आज सांगलीत असलेली कुंडल व आटपाडी ही गावे तेव्हा एकाच संस्थानात होती. कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तीही याच राजाच्या आश्रयाने. पुढे कुंडलचे कुस्ती मैदान राज्यातल्या मोठ्या मैदानांत गणले जाऊ लागले. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या अनेक जत्रांत कुस्त्यांचा फड हा मानाचा दिवस ठरला. तालीम शिकवायची आणि जत्रेचे मैदान परीक्षा घ्यायचे, अशी ही व्यवस्था होती.

जोड लावण्यापासून लंगोट आवळण्यापर्यंत

वस्तादाची पहिली हुशारी कुस्ती सुरू होण्यापूर्वी दिसते. मैदानात जोड लावताना समोरच्याची उंची, वजन, दम आणि मागच्या दोन-चार कुस्त्यांचे निकाल वस्तादाच्या तोंडपाठ असतात. आपला पोरगा उंच आणि लवकर दमणारा असेल, तर बुटका आणि चिवट गडी तो टाळतो. उगवत्या पैलवानाला लवकर मोठी जोड दिली तर हार मनात बसते, आणि कायम हलक्या जोडी दिल्या तर अंगात सुस्ती येते. या दोन टोकांच्या मधली जोड निवडणे ही वस्तादाची खरी कसोटी. कितीतरी कारकिर्दी इथेच घडल्या आणि इथेच बिघडल्या.

दुसरी हुशारी निरीक्षणाची. समोरचा कोणता पाय पुढे टाकून उभा राहतो, पट काढताना आधी खांदा झुकवतो की नजर खाली नेतो, दमल्यावर हात कुठे टेकतो, हे वस्ताद फडाच्या कडेला बसून टिपतो. मग कुस्ती चालू असताना हलगीच्या कडकडाटातून त्याची हाक येते: “आरं, पायाकडं बघ! उजवा म्होरं टाकतुया त्यो!” काही तालमींत या हाकांनाही खुणेचे शब्द ठरलेले असतात. नाव एका डावाचे घ्यायचे आणि मारायचा दुसराच. समोरचा वस्तादही कान टवकारून बसलेला असतो, हे गृहीत धरूनच हे चालते.

तिसरी हुशारी खडाखडीची. हाताला हात भिडवून, मानेवर पंजा टाकून चाललेली ही झटापट नवख्याला वेळकाढूपणा वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी दोन गोष्टी घडत असतात. समोरच्याच्या मानेवर आपले वजन टाकून त्याचा दम काढायचा, आणि एकाच बाजूने दोन-तीनदा खोटा पट काढून त्याचे ध्यान खाली न्यायचे. तो पाय वाचवायला मागे सरला की वरून ढाक, नाहीतर बाहेरची टांग. घिस्सा, मोळी, एकचाक, धोबीपछाड, कलाजंग, निकाल हे सगळे डाव तालमीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतात. डाव ठाऊक असण्याने कुस्ती जिंकता येत नाही. तो कोणत्या क्षणी येणार हे समोरच्याला कळू न दिल्यानेच जिंकता येते. म्हणूनच मोठ्या कुस्तीआधी पाहुणे पैलवान सरावाला आले, की वस्ताद पोराला त्याचा हुकमी डाव मारू देत नाही.

याच्या पुढे चलाखीचा प्रांत सुरू होतो. दम लागला की लंगोट सैल झाल्याचे निमित्त करून थांबायचे. अंगाला माती कमी लावायची, म्हणजे समोरच्याची पकड निसटते. डाव बसतोय असे दिसले की प्रेक्षकांच्या कड्याकडे सरकायचे, कारण पंच पकड सोडवून दोघांना मधोमध आणतो. जुन्या पद्धतीच्या मैदानी कुस्तीत निकाल फक्त चितपटीने, म्हणून कमजोर बाजूचा वस्ताद ‘पडू नको’ एवढाच मंत्र देऊन पोराला आत सोडतो. जोरदार मल्ल अर्धा-पाऊण तास झटतो आणि कुस्ती बरोबरीत सुटते. नियमात बसणारी ही युक्ती प्रेक्षकांचा मात्र हिरमोड करते.

आणि त्याही पलीकडे आहे नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. तिला हुशारीत जागा नाही. जत्रेच्या इनामासाठी वर्गणी देणाऱ्या गावाची ती फसवणूक आहे. जुने जाणते वस्ताद या दोन गोष्टींत स्पष्ट रेघ ओढत आले: समोरच्या मल्लाला फसवणे हा खेळ, बघणाऱ्याला फसवणे हे पाप. तालमीची अब्रू या रेघेवर टिकून आहे.

गोळेश्वर ते हेलसिंकी

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पाचव्या वर्षापासून अंगाला माती लागली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे तिथले मार्गदर्शक. उंचीने लहान आणि अंगाने सडपातळ असा हा विद्यार्थी कॉलेजच्या स्पर्धेत उतरायला गेला, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्याला नाकारले. प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी परवानगी दिली आणि त्याने आपल्याहून थोराड मल्लांना पाडले. हलके पाय आणि ढाकेसारख्या डावावरची हुकमत या त्यांच्या जमेच्या बाजू होत्या.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे गादीची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. मातीतल्या मल्लाला गादीची भाषा थोडी जरी शिकवली, तर तो काय करू शकतो, याचा तो पहिला पुरावा होता.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीतच त्यांना पहिला डावपेच भेटला, आणि तो आखाड्याबाहेरचा होता. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला एक गुण कमी देऊन डावलल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली, खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केले आणि निवड पक्की झाली. पैशांसाठी गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी जमवली. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात काय घडले, हे आज प्रत्येक वस्तादाने अभ्यासावे असे आहे. तेव्हा उलट गुणांची पद्धत होती. चितपट जिंकले तर शून्य, गुणांवर जिंकले तर एक, हरले तर तीन, आणि असे पाच गुण भरले की मल्ल स्पर्धेबाहेर. म्हणजे नुसते जिंकून भागत नव्हते, कसे जिंकता यालाही किंमत होती. खाशाबांनी कॅनडाच्या आद्रियाँ पोलिकँला आणि मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला चितपट केले, तर जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर हरवले. शेवटच्या तिघांत उरले जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव आणि खाशाबा. या तिघांच्या आपसातल्या कुस्त्यांवर पदकांचा क्रम ठरायचा होता.

खाशाबांच्या चरित्रांत पुढचा प्रसंग नोंदलेला आहे. इशीबरोबरची कुस्ती लांबली आणि ती संपताच त्यांना मम्मदबेयोवसमोर उभे राहायला सांगितले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. तो नियम बोट ठेवून दाखवणारा भारताचा एकही अधिकारी त्या वेळी गादीजवळ नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले, अटलांटात लिअँडर पेसच्या रूपाने.

ते परतले तेव्हा कराड स्टेशनावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मग कुस्त्यांची मैदाने भरवून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे ऋण फेडले. १९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. छत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार मिळाले ते मरणोत्तर. पद्म सन्मान अजूनही नाही. याची खंत सातारा जिल्हा बोलून दाखवतो आणि ती रास्त आहे. पण हेलसिंकीचा धडा सन्मानापेक्षा मोठा आहे. त्या दिवशी गोळेश्वरच्या मल्लाजवळ ताकद होती, डाव होते, जिद्द होती. गादीच्या कोपऱ्यात नियम जाणणारा वस्ताद नव्हता. एका माणसाच्या आणि अर्ध्या तासाच्या अभावी पदकाचा रंग पणाला लागला.

जकार्ता १९६२

दहा वर्षांनी हा मुलूख पुन्हा जगासमोर आला. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकले. मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी त्याच स्पर्धेत फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. एकाच जिल्ह्याचे दोन मल्ल, दोघांना एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य, आणि तेही दोन वेगळ्या प्रकारांत. १९६४ मध्ये माने हिंदकेसरी झाले, तर आंदळकर टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले.

या यशातली ग्रीको-रोमनची बाजू मुद्दाम लक्षात घ्यावी. या प्रकारात कमरेखाली पकड घेता येत नाही आणि पायाचा वापर करता येत नाही. म्हणजे पट नाही, टांग नाही, आकडी नाही. तालमीत शिकलेले निम्मे डाव बाजूला ठेवून या दोघांनी उरलेल्या निम्म्यावर आशियात एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. नियम बदलले तरी मातीतला मल्ल बदलत नाही, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता. त्याला नव्या नियमात आपले जुने कसब कुठे बसते, हे दाखवणारा मात्र हवा. आंदळकर पुढे स्वतः वस्ताद झाले आणि त्यांच्या हाताखाली मल्लांच्या पिढ्या घडल्या. १६ सप्टेंबर २०१८ रोजी ते गेले. माने २७ जुलै २०१० रोजी गेले होते.

मातीकडून गादीकडे

मामासाहेब मोहोळ यांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू केला. औरंगाबादच्या त्या पहिल्या स्पर्धेत दिनकर दह्यारी विजयी झाले. चांदीच्या गदेने हा किताब घराघरांत पोचवला. सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे तो पटकावला, तेव्हा खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात तालमींना पुन्हा पोरांची गर्दी होऊ लागली.

या स्पर्धेच्या रचनेतच आपल्या कुस्तीचा संक्रमणकाळ दिसतो. माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा, आणि दोन्हीकडचे विजेते किताबासाठी गादीवर भिडतात. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात ही स्पर्धा झाली. अंतिम कुस्तीत माती विभागातून आलेला विशाल बनकर आणि गादी विभागातून आलेला कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील समोरासमोर होते. पृथ्वीराज ५ विरुद्ध ४ गुणांनी जिंकला. एका गुणाचा हा फरक मातीच्या मैदानात अस्तित्वातच नसता. तिथे दोघेही उभे राहिले असते आणि कुस्ती पुढे चालली असती.

मातीत वाढलेल्या पोराला गादीवर तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली कडेची. मातीच्या मैदानात कडेला गेले की पंच मधोमध आणतो, गादीवर रिंगणाबाहेर पाऊल पडले की समोरच्याला एक गुण मिळतो. दुसरी पाठीची. मातीत स्वतः क्षणभर पाठीवर जाऊन समोरच्याला पलटी मारणारे डाव चालून जातात, गादीवर तेवढ्या क्षणात दोन गुण जातात. तिसरी सबुरीची. मातीत थांबून दम घेणे ही अक्कल समजली जाते, गादीवर त्याला निष्क्रियता म्हणतात आणि तिचा दंड भरावा लागतो. ज्या तीन चलाख्या वस्तादाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या, त्याच तिन्ही गादीवर अंगाशी येतात.

घड्याळ आले, म्हणून डावपेच बदलले

नियमातल्या फटीचा फायदा उठवणे आणि मग नियमाने ती फट बुजवणे, हे सगळ्याच खेळांत घडत आले आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे उदाहरण बोलके आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ आघाडी मिळाली की चार खेळाडू चार कोपऱ्यांत उभे करीत, आणि पाचवा मधोमध चेंडू खेळवत राही. चेंडू आपल्याकडेच राहिला तर समोरचा गुण कसा करणार, हा त्यामागचा साधा विचार. नियमात काहीच गैर नव्हते. १९८२ मध्ये त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाला ४७-४५ असे हरवले, तेव्हा शेवटची कितीतरी मिनिटे चेंडू नुसता फिरत होता. प्रेक्षक वैतागले, टीका झाली आणि १९८५-८६ च्या हंगामापासून कॉलेज बास्केटबॉलमध्ये ४५ सेकंदांचे घड्याळ आले. तेवढ्या वेळात बास्केटच्या दिशेने चेंडू मारावाच लागे. व्यावसायिक बास्केटबॉलने असेच, पण २४ सेकंदांचे घड्याळ १९५४ मध्येच आणले होते. स्मिथ मात्र घड्याळ आल्यावर हात चोळत बसले नाहीत. नव्या नियमात बसणारा खेळ त्यांनी रचला आणि १९९३ मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

कुस्तीतही तेच घडले. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० पासून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. खेळ समजायला अवघड आणि बघायला संथ झाला, हे एक मोठे कारण होते. जागतिक संघटनेने नियम बदलले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कुस्तीने आपली जागा परत मिळवली. आता तीन-तीन मिनिटांची दोन सत्रे असतात आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. निष्क्रिय मल्लाला ताकीद मिळाल्यावर ३० सेकंद दिले जातात. त्यात गुण झाला नाही तर समोरच्याला एक गुण. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. गुण समान झाले तर आधी मोठ्या किमतीचा डाव कोणाचा ते पाहतात, मग ताकिदी कमी कोणाला ते, आणि शेवटी शेवटचा गुण कोणाचा ते.

या शेवटच्या ओळीत वस्तादासाठी केवढी तरी अक्कल दडली आहे. ४-४ अशी बरोबरी असेल आणि एका मल्लाचे चार गुण एकाच फेकीचे असतील, तर तोच पुढे आहे. त्याच्या वस्तादाने पोराला शांत ठेवायचे, समोरच्याच्या वस्तादाने शेवटच्या मिनिटात धोका पत्करायला लावायचा. पंचाच्या निर्णयाला आव्हान देण्याचा हक्कही आता कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाकडे आला आहे. गादीवर मऊ ठोकळा टाकला की चित्रफीत पाहिली जाते. आव्हान फेटाळले तर समोरच्याला एक गुण मिळतो आणि पुढच्या आव्हानाचा हक्कही जातो. म्हणून तो ठोकळा रागाच्या भरात टाकायचा नसतो. हेलसिंकीत खाशाबांजवळ नसलेला माणूस आता नियमानेच कोपऱ्यात बसवला आहे. तिथे बसून काय करायचे, हे शिकण्याची जबाबदारी आपली आहे.

कॉलेजचा आखाडा आणि वजनकाटा

शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे एका क्रीडाछत्राखाली आले. तालमीचा पैलवान इथे विद्यार्थी म्हणून उतरतो आणि कॉलेजच्या नावावर गुण जमा करतो. इथला मोठा डावपेच आहे वजनगटाचा. समोरच्या कॉलेजचा नामांकित मल्ल ७४ किलोत असेल, तर आपला पोरगा ७० मध्ये उतरवायचा की ७९ मध्ये, हा निर्णय अनेकदा सगळ्या डावांपेक्षा जड ठरतो. जाणता प्रशिक्षक हे गणित हंगामाच्या सुरुवातीला करतो आणि सहा-आठ आठवड्यांत आहारातून वजन बसवतो. उतावळा प्रशिक्षक शेवटच्या दोन दिवसांत पोराचे पाणी तोडतो. पोरगा काट्यावर पास होतो आणि आखाड्यात पाय लटपटतात.

पॅरिस ऑलिंपिकने २०२४ मध्ये या गणिताच्या दोन्ही बाजू देशाला दाखवल्या. विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतचे वजन उपान्त्य फेरीनंतर मर्यादेच्या बरेच वर गेले होते. रात्रभराच्या मेहनतीत त्याने सुमारे साडेचार किलो उतरवले आणि कांस्य जिंकले. त्याचा गट होता ५७ किलो, खाशाबांचाच. कुस्तीची ऑलिंपिक पदके गेली काही वर्षे हरियाणा-दिल्लीच्या आखाड्यांकडे जात आहेत. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी, पॅरिसमध्येच, आणि तेही नेमबाजीत, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेला. आपल्या मातीतली ताकद आटलेली नाही. गादी, आहारतज्ज्ञ आणि नियम जाणणारा कोपरा या तीन गोष्टी तिकडे लहान वयात मिळतात, आपल्याकडे उशिरा.

मुलींनी दार उघडले

या वाटचालीतला सर्वांत आनंदाचा टप्पा अगदी अलीकडचा आहे. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा उचलली. ज्या हौद्यात मुलींना पाऊल टाकायला बंदी होती, त्याच संस्कृतीने हा किताब घडवला.

मुलींच्या येण्याने तालमीचे शिकवणेही बदलत आहे. बहुतेक मुली सुरुवातीपासून गादीवर शिकतात, म्हणून कडेची, पाठीची आणि सबुरीची ती तिहेरी ठेच त्यांना कमी लागते. गुणफलक बघत कुस्ती करणे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असते. मातीच्या वस्तादाने त्यांच्या सरावाकडे लक्ष देऊन पाहावे. मुलांना जे उशिरा समजते ते इथे पहिल्या वर्षीच शिकवले जाते.

पुढची मजल

कुस्तीचे मैदान टिकले पाहिजे. जत्रेतला फड, हलगी आणि फेटा हा या मुलखाचा ठेवा आहे. तालमीत पोरगा येतो तो त्या आकर्षणाने. आता मैदानांत ठरावीक वेळेनंतर गुणांवर निकाल देण्याची पद्धत रुजत आहे, तीही स्वागतार्ह आहे. ‘पडू नको’ हा मंत्र तिने निष्प्रभ केला आणि झुंजणाऱ्या मल्लाला न्याय दिला.

त्यापुढची कामे नेमकी आहेत आणि आवाक्यातली आहेत. जागतिक संघटनेचे नियम सोप्या मराठीत छापून प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लावावेत. दर वर्षी हंगामापूर्वी सातारा आणि सांगलीत वस्तादांसाठी पंचांचे शिबिर व्हावे, आणि त्यात आव्हान कधी द्यायचे, बरोबरीत काय पाहतात, निष्क्रियतेचे घड्याळ कसे चालते हे गादीवर उभे राहून दाखवावे. प्रत्येक कॉलेजने संघासोबत एक विद्यार्थी असा पाठवावा, की जो कुस्त्या मोबाइलवर टिपेल आणि रात्री मल्लासोबत बसून त्या पाहील. कुस्ती न खेळणाऱ्या पण डोके चालणाऱ्या पोरांना यात मानाची जागा मिळेल. वजन उतरवण्याचे वेळापत्रक डॉक्टरच्या सल्ल्याने लिहून ठेवावे. मोठी स्पर्धा असेल तिथे मल्लासोबत नियमपुस्तक तोंडपाठ असलेला माणूस गेलाच पाहिजे, मग त्यासाठी गावाने वर्गणी काढावी लागली तरी चालेल. १९५२ मध्ये गोळेश्वरने तिकिटासाठी वर्गणी काढली होती, आता कोपऱ्यातल्या माणसासाठी काढावी.

समोरच्याचा पाय ओळखणारी, खोटा पट दाखवून ढाक मारणारी, योग्य जोड निवडणारी हुशारी या तालमींत शंभर वर्षे मुरलेली आहे. तीच नजर नियमांच्या पानांवर फिरू लागली, तर सातारा-सांगलीचा मल्ल जगात कुठल्याही गादीवर एकटा उभा राहणार नाही, आणि खाशाबांच्या पदकाला या मातीतून जोड मिळेल.